वाट पाहणे आणि पाळत ठेवणे

दसरा उलटला की माजलगाव तालुक्यातील गावांतून व तांड्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघू लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे कित्येक वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. सिंदफणेवरचे धरण १९८७ साली पुरे झाले, कालव्याखाली ऊस उभा राहिला, तालुक्यात साखर कारखानेही निघाले. तरी ज्यांच्या शिवारात ते पाणी पोहोचले नाही, त्यांस दुसऱ्याचा ऊस तोडण्यासाठी साताऱ्याकडे, सांगली-कोल्हापुराकडे किंवा थेट बेळगावच्या मुलखात जावेच लागते. ट्रॅक्टरामागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत धान्याची पोती, भांडीकुंडी, कोपीचे बांबू आणि ताडपत्र्या, एखादी शेळी, आणि या साऱ्या पसाऱ्यावर अंग चोरून बसलेली माणसे असा हा संसार रात्रीच्या वेळी रस्त्याला लागतो. नवरा-बायकोच्या जोडीस या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम किती जोड्या आणल्या हे सांगत नाही, किती कोयते आणले हे सांगतो. भाषेची ही सवय वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही शाळकरी पोरे. पूर्वी ट्रॉली गावाबाहेर पडली म्हणजे ती कोठवर गेली, घाट उतरली की नाही, कोणत्या फडावर टोळी लागली, यांतले काही आठ-पंधरा दिवस कळत नसे. आता तसे राहिलेले नाही. टोळीतील एखाद्या तरुणाने आपल्या फोनमधील सोय सुरू करून ठेवली म्हणजे घरी बसलेल्या नातवास काचेवर एक निळा ठिपका सरकताना दिसतो आणि तो आजीस सांगू शकतो, की आता तेलगाव मागे पडले, आता घाट लागला. दूर उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून फोन आपली जागा ठरवितो आणि टॉवरमार्फत ती दुसऱ्या फोनास कळवितो. एवढ्यावरून आजीस रात्री झोप लागते. या सुखाची जो चेष्टा करील त्याने कोणाची वाट पाहिलेली नसावी.

परंतु याच सोयीकडे दुसरीकडून पाहिले म्हणजे मनात एक शंका उभी राहते. तोच ठिपका आजीबरोबर मुकादमासही दिसू लागला तर? यंत्र तेच, ठिपका तोच, त्यातून मिळणारी माहितीही तीच. मग एका ठिकाणी जे जिव्हाळ्याचे वाटते ते दुसऱ्या ठिकाणी अंगावर काटा का आणते? आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीपासून जाणलेला आहे. घरचे माणूस परत येईपर्यंत आपण त्याची ‘वाट पाहतो’. चोराचा ‘माग काढतो’. संशयितावर ‘पाळत ठेवतो’. तिन्ही ठिकाणी मन दुसऱ्याच्या जाण्यायेण्याकडेच लागलेले असते. तरी वाट पाहणारास पाळत ठेवणारा म्हटलेले कोणी सहन करणार नाही. हा भेद केवळ भावनेचा आहे, की त्यामागे विचारात टिकेल असे काही आहे, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

यासाठी वाचकांस थोडे दूर, बर्फाच्या मुलखात, नेणे आम्हांस भाग आहे. माजलगावास बर्फ माहीत आहे तो रसवंतीतला. पण सोबत्याचा ठाव सांगणाऱ्या यंत्राचा विचार बर्फाच्या डोंगरांत जितका कसून झाला आहे तितका तो अन्यत्र क्वचितच झाला असेल. बर्फावरून धावणाऱ्या मोटारगाडीची जन्मकथाच मोठी हृदयद्रावक आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए नावाचा एक कल्पक कारागीर होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बुजलेले, इस्पितळापर्यंत नेईल असे वाहन नाही, आणि मूल घरीच गेले. बर्फावर चालेल अशा वाहनाच्या खटपटीत तो आधीपासून होताच. या घटनेनंतर त्याने तिचा ध्यास घेतला, १९३७ साली एकस्व मिळविले आणि १९५९ साली एकदोघांनी बसावयाची हलकी गाडी बाजारात आणली. आज तिला ‘स्नोमोबाईल’ म्हणतात. आपल्याकडे गुलमर्गला सहलीस गेलेल्यांनी ती पाहिली असेल. दवाखान्याची वाट मोकळी व्हावी म्हणून जी गाडी जन्मास आली, तीच पुढे मौजेखातर निर्मनुष्य डोंगरउतारांवर चढविण्याचे साधन झाली, हा दैवाचा एक खेळच म्हणावयाचा.

या मौजेत मरण येते ते बहुधा हिमकडा कोसळून. ताज्या बर्फाचा थर खालच्या कच्च्या थरावर नुसता टेकलेला असतो. गाडीच्या भाराने तो सुटतो आणि स्वारासकट खाली येतो. गाडल्या गेलेल्या माणसास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढले तर तो बहुतेक वाचतो. अर्धा तास लोटल्यावर आशा फार थोडी उरते. एवढ्या अवधीत शहरातून कोणी मदतीस येऊ शकत नाही. वाचविले तर सोबतच्या माणसांनीच वाचवावयाचे. म्हणून प्रत्येक स्वार छातीशी एक लहानसे यंत्र बांधतो. ते सेकंदागणिक एक बारीक रेडिओ संकेत सोडीत असते आणि जगभर त्याची कंपनसंख्या एकच ठरलेली आहे, ४५७ किलोहर्ट्झ. कारण कोणत्याही देशाच्या यंत्रास कोणत्याही देशाच्या माणसाचा शोध घेता आला पाहिजे. अपघात झाला की उरलेले सर्वजण आपापले यंत्र ‘सांगण्या’वरून ‘शोधण्या’वर फिरवितात. शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर एक लांब सळई आणि फावडे असते. फावड्याविना यंत्र जवळ असणे म्हणजे सोबती कोठे गुदमरतो आहे हे कळून स्वस्थ उभे राहणे होय. अलीकडे टोळीतील सर्वांच्या जागा छोट्या पडद्यावर दाखविणारी, टॉवरावाचून चालणारी साधनेही निघाली आहेत. पण जुन्याजाणत्यांचा भर अजून छातीवरच्या त्या साध्या यंत्रावर आणि काही रिवाजांवर आहे. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जावे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरून नजर काढू नये, हा त्यांतला मुख्य.

या व्यवस्थेकडे नीट पाहिले तर तिच्यात काही गोष्टी अशा आढळतात की ज्या यंत्रात नाहीत, माणसांच्या करारात आहेत. जो दिसतो तोच पाहणाराही असतो. टोळीत कोणी केवळ पहारेकरी नाही आणि कोणी केवळ पहाऱ्याखाली नाही. यंत्र मागची आठवण ठेवीत नाही. काल तुम्ही कोणत्या दरीत होता हे त्यास विचारून उपयोग नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की ठाव कळताच पाहणाऱ्याच्या डोक्यावर एक ऋण येते. तुझा सोबती येथे, चार हात खाली आहे, हे कळल्यानंतर तुला तेथून हलता येत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनवर दहा जवान हिमाखाली गाडले गेले. आशेला फारशी जागा नसतानाही सैन्याने बर्फ कापणे सोडले नाही आणि सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. पुढे ११ फेब्रुवारीस त्यांचा अंत झाला. पण ते खोदणे व्यर्थ गेले असे या देशात एकाही माणसास वाटले नाही.

आपल्याकडेही अशा व्यवस्थेचा नमुना आहे, आणि तो यंत्रावाचून चालत आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्यास जी शिस्त लावून दिली तिच्यात प्रत्येक दिंडीस क्रमांक असतो; कोणती रथाच्या पुढे, कोणती मागे, हे ठरलेले असते. लाखांच्या गर्दीत चुकलेल्या म्हातारीस आपल्या दिंडीचा क्रमांक सांगता आला की तिला जागेवर पोचविता येते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. जिची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते, आणि तिचे ऐकून घेतले जाते. हरवल्या-सापडल्याची वर्दीही तेथेच दिली जाते. दंड चोपदाराच्या हाती आहे खरा, पण तो उंचावला म्हणजे चोपदाराला ऐकावे लागते, असा हा प्रकार आहे. दिंडीचा क्रमांक वारकऱ्याच्या ओठांवर असतो, दुसऱ्याच्या वहीत नव्हे. हवा तेव्हा त्याने तो सांगावा.

आता परत ट्रॉलीकडे येऊ. तेलगावहून धारूरकडे जाताना जो घाट लागतो तो अरुंद आणि वळणांचा आहे. तेथे टोळीला ज्यापासून भय आहे त्याचा ठिपक्याशी फारसा संबंध नाही. मागच्या ट्रॉलीस दिवा नसणे, तिच्या पाठीवर चकाकणारी पट्टी नसणे, चालकास दोन रात्रींची झोप नसणे, आणि जी ट्रॉली मालासाठी केलेली आहे तिच्यात लेकराबाळांसह माणसे भरणे ही खरी भये होत. सरकारने २०१६ च्या अखेरीस नियम केला आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांस, दुचाकी-तीनचाकी वगळून, ठाव कळविणारे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटण सक्तीचे झाले. परंतु ट्रॉली हे प्रवासी वाहनच नव्हे! कायद्याच्या दृष्टीने तिच्यात माणसे नसतातच. म्हणून त्यांच्या संरक्षणाचा नियमही तिला लागत नाही. बसमधील प्रवाशास बटण आणि ट्रॉलीतील कोयत्यास काही नाही, ही व्यवस्था कोणी बुद्धिपुरस्सर केली असे आम्ही म्हणत नाही. न पाहिल्यानेच ती झाली आहे.

ठिपक्याचा उपयोग नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. अनोळखी मुलखात मध्यरात्री ट्रॉली उलटली तर ‘आपण कोठे आहोत’ हे सांगता न आल्याने जो वेळ जातो तो या ठिपक्याने वाचेल. मागची ट्रॉली मागे राहिली हे पुढच्यास कळेल. पण ‘घरच्यांस दिसते आहे’ एवढ्यावर विसंबून ट्रॉलीत दोन माणसे अधिक कोंबली, किंवा पहाटेपर्यंत थांबण्याऐवजी रात्रीच घाट उतरविला, तर मिळविलेले सर्व गमावले. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली असे प्रतिपादन केले होते की मोटारीत संरक्षणाची साधने वाढली तशी चालकांची बेफिकिरीही वाढली. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. बर्फातील जाणती माणसे मात्र नवशिक्यास अजून बजावतात, की छातीवर यंत्र आहे म्हणून न चढावयाच्या उतारावर चढू नकोस.

आता मुकादमाची गोष्ट. त्याची बाजू आम्ही उडवून लावू इच्छीत नाही. तो कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचलतो आणि जोड्यांस ‘उचल’ म्हणून आगाऊ वाटतो. एखादा कोयता दोन मुकादमांची उचल घेऊन दोघांकडेही जात नाही. एखादा अर्ध्या हंगामात पळतो. मग वरचा माणूस मुकादमाच्या उंबऱ्यावर येऊन बसतो, आणि त्याचीही जमीन जाते, त्यालाही कोणी उचलून नेतो. असा मनुष्य म्हणेल, “माझे पैसे ज्याच्याकडे आहेत तो कोठे आहे एवढे मला दिसले तर बिघडले कोठे? त्याने हप्त्याने घेतलेला फोन, त्याच्या राजीखुशीने त्याने ती सोय सुरू ठेवावी. वाटेत अपघात झाला तर उपयोगीच पडेल.” हे शेवटचे वाक्य फार धूर्त आहे. सुरक्षिततेच्या नावाने आत आलेली वस्तू पुढे कोणत्या कामास लावली जाईल हे दार उघडताना कळत नाही.

यावर आमचे उत्तर असे. येणे असेल तर हिशेबाने मागावे, पंचांपुढे मागावे, न्यायालयात मागावे. देणेकऱ्याचे शरीर हे तारण नव्हे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी माणसाचा देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क गहाण पडणे हेदेखील वेठबिगारीचे एक लक्षण मानले आहे. दोर बांधला तरच हक्क जातो असे थोडेच आहे? पळाल्यास सापडशील हे क्षणोक्षणी ठाऊक असले तरी पाय बांधलेच जातात. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी, न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांच्यापुढील एका प्रकरणात, जामिनावर सुटलेल्या आरोपीने नकाशावरील आपली जागा तपास अधिकाऱ्यास सदैव दिसू द्यावी ही अट अवैध ठरविली; तसे करणे म्हणजे त्याच्या खाजगी आयुष्यात डोकावत राहणे होय. तो आरोपी अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला, तोही परदेशी. त्याला जी मोकळीक घटना देते ती उसाच्या फडातील देणेकऱ्यास नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? राहिली राजीखुशी. घरात खर्ची पडलेल्या उचलीच्या ओझ्याखाली दिलेल्या होकारास राजीखुशी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

येथे कोणी विचारील, की बर्फातील स्वार एकमेकांस सारखे दिसतात म्हणून ते योग्य, आणि मुकादम एकतर्फी पाहतो म्हणून अयोग्य, असा तुमचा निकष असेल तर आईने लहान मुलावर नजर ठेवणेही अयोग्यच ठरेल; मूल काही आईस राखीत नाही. शंका रास्त आहे, आणि म्हणूनच समानता हा एकटा निकष पुरेसा नाही असे आम्हांस वाटते. पाहिल्याने ऋण कोणावर चढते हे पाहिले पाहिजे. आई पाहते ती धावून जाण्यासाठी. मूल पडले तर तिच्याच जिवाला घोर. मुकादम पाहतो तेव्हा ऋण ज्याला पाहिले जाते त्याच्यावरच असते आणि पाहण्याने ते अधिक घट्ट होते. ट्रॉली उलटली तर तो धावेलही. पण तो जोडीसाठी धावला की कोयत्यासाठी, याची शंका त्या बिचाऱ्या शब्दानेच मनात घालून ठेवली आहे.

हा विचार ऊसतोडीच्या फडापुरता ठेवणे आम्हां सुशिक्षितांस सोयीचे जाईल. पण पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास शिकणाऱ्या मुलीच्या फोनमधील ठिपका वडिलांच्या फोनात दिसतो अशी घरे आपल्या ओळखीत कितीतरी निघतील. तो ठिपका मालवला की पहिला प्रश्न कोणता जातो? “बरी आहेस ना, बाळ?” हा जात असेल तर ते घर वाट पाहणाऱ्यांचे आहे. “फोन का बंद होता? कोठे होतीस?” हा जात असेल तर तेथे काय चालले आहे हे त्या घरानेच ओळखावे. भावाच्या फोनातील ठिपका कोणी पाहत नाही, हेही अशा घरांत बहुधा आढळते. वीस वर्षांच्या मुलीस ‘आई-बाबा, तुम्ही आता कोठे आहात हे मला दिसू द्या’ असे म्हणण्याची सोय आहे काय? काही घरांत ती आहे. तेथे सर्वांचे ठिपके सर्वांस दिसतात, थकलेली आई बसने माहेरी निघाली तर मुलगी पुण्याहून तिची गाडी पाहत बसते, आणि कोणासही पाळतीखाली असल्यासारखे वाटत नाही. लहानपणी जी नजर लागते ती वयाबरोबर सैल व्हावी लागते. सायकल शिकविताना मागचा हात कधीतरी काढावाच लागतो, नाहीतर मूल सायकल शिकतच नाही.

टोळीपुरते बोलावयाचे तर आम्हांस असे सुचते. निघण्यापूर्वी टोळीतील दोन-तीन फोन एकमेकांस आणि गावातील एखाद्या घरास जोडावेत. मुकादमासही पाहावयाचे असेल तर त्याने स्वतःच्या फोनचा ठिपका टोळीस तसाच दाखवावा. पुढच्या ट्रॉलीत एक जाणता आणि सर्वांत मागच्या ट्रॉलीत दुसरा असावा, आणि मागचा दिसेनासा झाला की पुढच्याने थांबावे. मागच्या फळीस लाल पट्टी चिकटवावी. तिला फोनइतका पैसा पडत नाही. घाट उजेडी उतरावा. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी जे कल्याणकारी महामंडळ राज्याने काढले आहे त्याने ओळखपत्रांबरोबर या प्रवासाचीही चिंता वाहिली, माणसांसाठी माणसांची वाहने मिळवून दिली, तर निम्मा प्रश्न उरणारच नाही. आणि फडावर कोपी उभ्या राहिल्या, चूल पेटली, गावी ‘पोचलो’ म्हणून फोन झाला, की तो ठिपका बंद करावा. पुढचे पाच-सहा महिने त्या जोडीने किती ऊस तोडला याची नोंद कारखान्याच्या काट्यावर होतच असते.